तळाचं पाणी

"भरती नसलेला समुद्र? काका, काहीतरीच!"

"हसा लेको," काका म्हणाले. "माझा मेहुणा तिथे पाणी मोजायचा. चहूकडून जमीन, बाहेर पडायला एकच चिंचोळी वाट. भरती-ओहोटी नावालाही नाही. वारा ढकलेल तिकडे पाणी चढायचं. एवढ्या नद्या येऊन मिळतात की वरचं पाणी जवळपास गोडं. खारं, जड पाणी तळाशी. ते कधी वर येत नाही. तिथे हवा नाही. बुडालेलं लाकूडसुद्धा कुजत नाही."

पोरं सरकून जवळ बसली. काका सांगू लागले.

मोजणीची खोली धक्क्याच्या टोकाला. मधोमध लाकडी झाकण, खाली शिडी, आकड्यांची पट्टी आणि उघडा समुद्र. कामाची रीत ठरलेली. खालच्यानं आकडा ओरडायचा, वरच्यानं तोच परत म्हणून वहीत लिहायचा. खालून 'झालं' आल्याशिवाय वरच्यानं जागा सोडायची नाही.

एकदा मेहुण्याचा थोरला भाऊ खाली होता. मेहुणा चहा ठेवायला उठला. दोनच मिनिटं. थोरला सापडलाच नाही.

त्याला पाच वर्षं झाली. सतरा जानेवारी, संध्याकाळी सात दहा, बाहेर काळोख. आकडे टिपणारं यंत्र बंद पडलं म्हणून मेहुणा एकटाच निघाला.

बायको म्हणाली, "सकाळी जा की. समुद्र काय पळून जाणारेय?"

"कुठे पळतोय? कोंडलेलाच आहे तो."

त्यानं झाकण उघडलं आणि वारा फिरला. बघता बघता धक्का पाण्याखाली गेला. परतीची वाट बंद. वही घेऊन तो स्टुलावर बसला.

खालून आवाज आला, "एक मीटर वीस."

सवयीनं तोंडून गेलंच, "एक मीटर वीस." लिहूनही झालं.

मग कळलं. आवाज थोरल्याचा होता.

"एक मीटर साठ."

झाकण हाताशी होतं. लोटलं की संपलं. पण मागच्या वेळी तो उठला होता...

"एक मीटर साठ," तो म्हणाला.

"दोन मीटर."

"दादा, पुरे रे..."



"दोन मीटर वीस." आवाज आता जवळून. तो हलला नाही. लिहिलं.

मग अगदी कानाशी...

"झालं."

काकांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला.

"सकाळी लोक होडीनं पोचले. खोलीतली जमीन कोरडी ठणठणीत. त्याच्या कोटाचा एक खांदा तेवढा ओला. तो वाळला तसं त्यावर पांढरं उमटलं. पाच बोटं. मीठ."

"समुद्राचं पाणी म्हटल्यावर मीठ येणारच ना, काका?"

"नाही रे पोरा. तिथल्या मच्छीमारांची जाळी आयुष्यभर वाळतात. त्यांवर मीठ कधीच उमटत नाही."