पोथीत नसलेला शब्द

माझ्या गोष्टींतलं निम्मं आमच्या सोसायटीत कुणी खरं मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. ही मात्र उरलेल्या निम्म्यातली. पटली तर घ्या.

त्या संध्याकाळी मधुकर मास्तर माझ्या दारात येऊन म्हणाले, "स्कूटर काढ. घणसोली गावात एक शब्द पोचवायचाय."

"व्हॉट्सॲप करा की. शब्दाला स्कूटर कशाला?"

ते हसले नाहीत. कामोठ्याहून निघालो तसे मागे बसून सांगू लागले. निवृत्त झाल्यापासून ते एका जुन्या संस्कृत पोथीचं मराठी करत होते. पितरांना जेवू घालायची पोथी. जुन्या लोकांनी तीत बरंच गाळलेलं. भटजींना पाठच असायचं, तर लिहायचं कशाला? अशा ठिकाणी मास्तर आपल्या पदरचा शब्द चौकोनी कंसात घालत, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं, हे शास्त्राचं नाही, मधुकरचं आहे. पण शेवटच्या श्लोकापाशी ते अडले. 'ये, बैस, जेव, तृप्त हो'... आणि पुढे काहीच नाही. पुढचं 'आता जा' भटजी आपल्या तोंडानं म्हणतात. गेलेल्या माणसाला घराबाहेर काढणारा शब्द, कंसात का होईना, आपण घालायचा? मास्तरांचा हात धजला नाही. जागा कोरी राहिली.

त्या मराठी पानांची एक झेरॉक्स घणसोलीच्या पुतळामावशींकडे गेली. त्यांचा मुलगा रूपेश मास्तरांचा विद्यार्थी. गेल्या वर्षी खाडीत खेकडे धरायला गेला आणि भरतीत सापडून बुडाला. यंदा वर्षश्राद्धाच्या जेवणाला भटजी आलेच नाहीत, म्हणून मावशींनी ती पानं स्वतःच वाचली. मोठ्यानं, कुणाचं नाव न घेता. होती तेवढी.

"म्हणजे बोलावलं..." मी म्हणालो.

"आणि पाठवलं नाही."

घणसोली गावातल्या त्या गल्लीत दोन घरांमधून स्कूटर जेमतेम जाते. पलीकडच्या टॉवरचे दिवे लागले होते. गल्लीत मात्र अंधारून आलेलं. मावशींच्या दारात वास होता, ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळाचा. आणि खाडी तर तिथून चांगली लांब.

"या मास्तर. भाऊ, तुमीपन या. जेवाल?"

मावशींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला आलेला. पुढ्यात ताट, ताटात बोय मासा, आणि मावशी एकेक काटा काढून कडेला ठेवत होत्या. "त्याला काटं काढून लागतं. लहानपनापासना."

मास्तर खाली बसले. "मावशी, त्या पानावर एक शब्द राहिलाय. माझ्यामुळे. तेवढा वाचलात की..."

"पोथीत हाय तो?"

खोटं बोलता आलं असतं. मी तर बोललोच असतो.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मंग मी कशाला बोलू?"

आतल्या खोलीत दिवा नव्हता. तिथं बराच वेळ पाणी ठिबकत होतं, ते थांबलं. मग आवाज आला. तरुण, दमलेला.

"आये... जाव का?"

मावशी काटे काढत राहिल्या.

"रोज इचारतो," त्या हलकेच म्हणाल्या. "गुनाचा हाय. न इचारता एकदाच गेला."

"आये..."

"मावशी, तो दमलाय हो," मास्तर म्हणाले आणि अंधाराकडे वळले. "रूपेश, बाळा, तू आता..."

मावशींनी मासळीचा ओला हात त्यांच्या तोंडावर ठेवला. "तुमी नको. मीच बोलन. पन आज नको, मास्तर. आज बोय आनलीय."

मास्तरांनी ती पानं मागून घेतली. कोऱ्या जागेत शब्द लिहिला, त्याभोवती चौकोनी कंस काढला, अगदी सावकाश. मावशींनी पान डोळ्यांजवळ धरलं, वाचलं, ओठ न हलवता. आणि घडी करून कमरेला खोचलं. "र्‍हाव दे. वाचनारी मीच ना?"

आम्ही उठलो. मागे ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी जमिनीवर बसल्याचा.

बाहेर पायरीवर ओल्या चपला होत्या, गाळानं माखलेल्या. एकच जोड असता तर रूपेशचा म्हणून मी समजून घेतलं असतं. पायरी लहानमोठ्या जोडांनी भरून गेली होती. आमच्या चपला मला त्यांच्याखालून उपसून काढाव्या लागल्या.