फोनपेक्षा मोठी वस्तू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर त्या नियमाचं नाव काढलं तरी माझं डोकं उठतं.

मी विमानतळावर गेटवर असते. एकवीस वर्षं झाली. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं, की काही ठरावीक विमानांत फोनपेक्षा मोठं कुठलंही विजेचं यंत्र प्रवाशाजवळ राहता कामा नये. गेटवर काढून घ्यायचं, चिठ्ठी लावायची, पेटीत भरून सील करायचं आणि विमानाच्या पोटात पाठवायचं. का, ते कोणी सांगितलं नाही. शिव्या मात्र आम्ही खायच्या. वर आणखी गंमत, सुटी बॅटरी खाली चालत नाही, ती प्रवाशाजवळच हवी. म्हणजे यंत्र पोटात आणि बॅटरी मांडीवर! याला काही अर्थ आहे का, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, “नाही. इथं सही करा.”

त्या दिवशी दुपारी दोनच्या विमानाला लांबलचक रांग होती. एक गृहस्थ तर घरून मोजपट्टी घेऊन आले होते. त्यांचं यंत्र फोनपेक्षा अर्ध्या बोटानं मोठं निघालं. त्यांच्याशी हुज्जत घालून मी घामाघूम झाले होते, आणि त्यांच्या मागे एक आजोबा उभे.

काटकुळे, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, असं त्यांनीच सांगितलं. आता मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. हातात वहीएवढा जुना रेकॉर्डर, टॉवेलात गुंडाळलेला.

“बाई, हा माझ्याजवळ राहू दे,” ते हळूच म्हणाले. “हिला अंधाराची भीती वाटते.”

“कोणाला?”

“आमच्या सौभाग्यवतींना. जाऊन तीन महिने झाले.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मागे चाळीस माणसं, कानात साहेबांचा वॉकीटॉकी, आणि सकाळपासून चहा नाही. मी म्हटलं, “आजोबा, यंत्राला कसली आलीय भीती? दोन तासांचा तर प्रवास!” रेकॉर्डरची बॅटरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. टॉवेलही परत दिला. त्यांनी सही फार सावकाश केली.

माणसं चढली. पेटी खाली गेली. मी चहा ओतून घेते न घेते, तोच खालून सामान चढवणाऱ्या पैलवानाचा फोन. अंगानं दाराएवढा माणूस, पण आवाज अगदी बारीक झालेला.

“ताई, जरा खाली या.”

“आता काय झालं?”

“पेटीत... कोणीतरी बोलतंय.”

“बोलू दे की! कोणीतरी यंत्र चालू ठेवलं असेल.”

“नाही ताई. तुम्ही या.”

चहा तसाच ठेवून चरफडत खाली उतरले. सामानाची ती खोली म्हणजे खिडक्या नसलेलं लांबट भुयार. पट्टा बंद होता. बाहेर विमानांचा गडगडाट चाललेला, तरी आत कापूस कोंबल्यासारखी शांतता. पेटी मधोमध होती. पैलवान भिंतीला चिकटून उभा.

मी वाकले. आणि ऐकलं.

बाईमाणसाचा आवाज. थकलेला, थोडा दम लागलेला. “अहो... दिवा लावा ना... अहो...”

काटा येतो तसा काटा आला नाही. आधी संतापच आला. सील तोडलं की अर्ज, अर्जावर साहेबांची सही, विमानाला उशीर, उशिराचं कारण लेखी! तरीही तोडलं. झाकण उघडताच आवाज थांबला. फिनाइलचा आणि औषधांचा वास भपकन वर आला, दवाखान्याच्या वॉर्डात येतो तसा. रेकॉर्डर सगळ्यात वर होता. मी उलटा करून पाहिला. बॅटरीची जागा रिकामी.

पैलवान म्हणाला, “ताई, हे मी चढवणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.”

मी रेकॉर्डर उचलला आणि जिन्यानं वर निघाले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो वास माझ्या मागे नव्हता, पुढे होता. जिना चढून, विमानाला जोडलेल्या बोळातून माझ्या चार पावलं पुढे, कोणीतरी घाईनं चालावं तसा. विमानाच्या दाराशी मी पोचले तेव्हा तो आत गेलेला होता.

दारावरच्या हवाईसुंदरीनं हात आडवा केला. “हे आत नाही चालणार, ताई. तुम्हालाच नियम सांगायचा का?”

“आत आणत नाहीये. सतरा नंबरच्या आजोबांना बोलवा.”

ते आले. मी दबक्या आवाजात म्हटलं, “आजोबा, यात तुमच्या मंडळींचा आवाज भरलाय ना? तो आपोआप चालू होतोय.”

ते म्हणाले, “यात तिचा आवाज नाही हो. माझा आहे. तिला वॉर्डात रात्री एकटं राहावं लागायचं. मी रोज पेपर वाचून भरून ठेवायचो, ती उशाशी लावून ऐकायची.” त्यांनी रेकॉर्डर माझ्या हातातून घेतला. “काय म्हणाली ती?”

“दिवा लावा म्हणाल्या.”

“मग मी उतरतो.”

साहेब धावत आले, वैमानिक चिडला, आजोबांची बॅग शोधून खाली काढण्यात पाऊण तास गेला. सगळे माझ्यावरच ओरडत होते. आजोबा त्या गोंधळात रेकॉर्डर कानाशी धरून खुर्चीत बसले होते. अधूनमधून म्हणायचे, “काही ऐकू येत नाही... गप्प का झाली?” शेवटी त्यांना मी टॅक्सीत बसवून दिलं. आगगाडीनं जातो म्हणाले. विमान सतरा नंबरची जागा रिकामी ठेवून उडालं. मला मेमो मिळाला.

चार दिवसांनी माझ्या टेबलावर एक तक्रार आली. लिहिणारा त्या विमानात अठरा नंबरला होता. उत्तर सात दिवसांत द्यायचं, असा शिक्का. मी वैतागूनच वाचायला घेतली.

“आपण वृद्ध पती-पत्नींना वेगळं का करता? माझ्या शेजारी सतरा नंबरवर बसलेल्या बाई संपूर्ण प्रवासभर एकच विचारत होत्या, ‘आमचे हे चढले का?’ मी कर्मचाऱ्यांना सांगितलं, तर ते माझ्याकडेच चमत्कारिक नजरेनं पाहू लागले. विमान उतरल्यावरही बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुम्ही व्हा पुढे. मी इथंच बसते. ते येतील.’”

ते विमान अजून रोज दुपारी येतं.