त्रिशलाकाकींची परवानगी

घाबरायचं तर खुशाल घाबरा, पण हसू नका. मी हसलो होतो, त्याचं फळ अजून भोगतोय.

घरोघरी म्युझिक प्लेयर बसवून देणं हा माझा धंदा. काळी पेटी, बटण एकही नाही. वाय-फायवरून गाणी घेते आणि मोठ्या स्पीकरना देते. सगळा कारभार मोबाइलवरून. उचगावच्या तात्यासोंकडे अशी पेटी बसवून महिना झाला नाही तोच त्यांचा फोन आला.

"विश्वजित, तुझी पेटी बिघडली. रोज सांजच्याला आपोआप बंद पडतीया. घेऊन जा!"

गेलो. त्यांच्या पत्नी, त्रिशलाकाकी, सहा महिन्यांपूर्वी वारल्या. तेव्हा तात्यासो पार खंगले होते; आता जरा अंग धरलेलं दिसलं. घर जैनांचं. सूर्य मावळला की अन्नाचा कण तोंडात नाही. काकी होत्या तेव्हा त्या वेळेवर ताट वाढायच्या आणि "बंद करा ते गाणं" म्हणून ओरडायच्या. आता भावजय डबा पाठवायची.

मी त्यांच्या मोबाइलवर पेटीशी जोडलेले फोन पाहिले. दोन होते. एक तात्यासो, दुसरा त्रिशला. पेटी तर काकी गेल्यावर बसवलेली.

"काकींचा फोन कुठाय?"

"फुटलाय की. ती असतानाच फुटला." त्यांनी कपाटातून काढून दाखवला. काचेचा चुरा झालेला, आत बॅटरीसुद्धा नाही.

"काकी अजून लक्ष ठेवून आहेत वाटतं!" मी हसलो आणि ते नाव काढून टाकलं.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. तात्यासोंचे गाल बसले होते. डबा टेबलावर तसाच बंद. गाणं मात्र जोरात चाललेलं.

"पेटी झ्याक चालतीया," ते हळूच म्हणाले. "पर... आठ दिस उपाशी निजतोय. गाण्यात ध्यानच ऱ्हात न्हाय. सूर्य बुडाला की मग कसं खायचं? तिचं नाव परत घाल."

"अहो तात्या, तो फोनच..."

"घाल की!"

पेटीला फोन जोडायचा तर एका बाजूनं विनंती पाठवावी लागते आणि दुसऱ्या बाजूनं, म्हणजे इथं काकींच्या फोनवरून, ती मंजूर व्हावी लागते. म्हाताऱ्याचं मन राखायला मी पाठवली. फुटका फोन आमच्या दोघांच्या मधे पडलेला. बाहेर ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. मंजूर.

आवाज साठावर होता. पन्नास झाला... तीस... दहा... खोली गप्प झाली. बंद स्वयंपाकघरातून गरम तुपाचा वास आला.

तात्यासोंचे डोळे भरले. "आलो, आलो! वरडू नगंस!" म्हणत ते हात धुवायला धावले.

चार घास पोटात गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू कवा जेवतोस रं?"

"दहाला. कधी अकरा..."

"हळू बोल!" ते दबक्या आवाजात म्हणाले.

उशीर झाला होता. माझ्या घरीही अशीच एक पेटी आहे. पोचलो तर माझ्या फोनवर विनंती आलेली. त्रिशला यांना तुमच्या प्लेयरशी जोडायचं आहे. मी ती मंजूर केली नाही आणि नाकारायची हिंमतही झाली नाही. दिवस असतानाच जेवायला लागलो. शहाण्यानं विषाची परीक्षा घेऊ नये.

काल मात्र ऊन उतरलं तरी काम संपेना. समोर घरच्या पेटीवर गाणं चालू होतं. ते हळूहळू बारीक होत गेलं. फोन पाहिला, तर विनंती तिथं नव्हती. मंजूर झाली होती.

मी निमूटपणे हात धुवायला उठलो.