चौकटीआडचा अंगठा

"ताई, एवढी चौकट बदलून दे गं," म्हणत धाकट्याने कामाच्या फळीवर चित्र ठेवलं, वरचं कापड सारलं मात्र... आणि ताईच्या हातातली करवत जागीच थांबली!

तोच समुद्र! जवळून पाहावं तर नुसते निळे-करडे फटकारे. चार पावलं मागे सरावं तर लाटा हलू लागाव्यात, ओल्या वाळूवर ऊन सांडावं...

तीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावर बसून तिनेच तो रंगवला होता. वडील एकालाच कलाशाळेत धाडू शकत होते. धाकट्याची चित्रं शाळेने परत केली, पोराने अन्न टाकलं. तेव्हा तिने आपलं चित्र त्याच्या हाती दिलं. "तुझं म्हणून दाखव." सहीऐवजी कोपऱ्यात उमटवलेला आपला अंगठा झाकावा म्हणून चौकटीची पट्टीही तिनेच रुंद कापली. तो नामवंत चित्रकार झाला. ती चौकटी करीत राहिली. देव परीक्षा घेतो म्हणतात, मायबापहो, पण काहींचे पेपर तपासायचे तो विसरतो की काय!

आज मात्र तिला ना राग आला, ना रडू. आत सारं कसं गोठलेलं...

"पट्टी पहिलीएवढीच ना?" तिने विचारलं.

"अरुंद कर. कोपरा दिसला पाहिजे. उद्या प्रदर्शनात खाली तुझं नाव लागेल. सगळ्यांना सांगून आलोय."

"शहाणाच आहेस! लोक चोर म्हणतील तुला."

"म्हणू देत! विद्यार्थी विचारतात, सर, असा समुद्र पुन्हा का नाही काढलात? काय सांगू गं त्यांना, ताई?"

पिकल्या केसांचा तो भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. ती नुसती थोपटत राहिली.

"पूस डोळे. भुसा चिकटेल तोंडाला."

मग तिने जुनी चौकट उचकटली. अंगठा तसाच होता, कोवळा, निळा! तिने आपला अंगठा त्यावर टेकवला... मावेना. लाकूडकामाने तो केव्हाच रुंद झाला होता.

"कुणाचा म्हणून सांगशील रे?"

"तुझाच."

तिने पट्टी अरुंद कापली, चौकट ठोकली. आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या चित्रापासून चार पावलं मागे सरली.