लहान गट

बोरगावहून सौसरला जाणारा रस्ता सकाळी मोकळाच असतो. गुणवंता मोटारसायकल चालवायचा, मागे त्याची पोरगी दिपाली बसायची आणि दोघांच्या मध्ये चाकांच्या बुटांची पिशवी असायची. गावात या प्रकाराचं थोडं कौतुक होतं आणि त्याहून जास्त टिंगल. संत्रा-कापसाच्या मुलखात पोरगी चाकांवर नाचते, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. मग दिपाली जिल्ह्यात पहिली आली आणि टिंगल करणारेच हार घेऊन दारात उभे राहिले. तो हार गुणवंताच्या डोक्यात जो गेला तो उतरलाच नाही.

सराव चाले तो सौसरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या फरशीवर. एके काळी तिथे कापसाचे ढीग लागत. आता उरलं होतं गुळगुळीत सिमेंट, वर पत्र्याचं छत आणि कोपऱ्यांत अडकलेली रुई. कुलदीप सर एका शाळेत खेळ शिकवत आणि शाळेआधी या फरशीवर पोरी घडवत. फिगर स्केटिंग हा त्यांचा ध्यास होता. इथे बर्फ कुठून आणणार, म्हणून चाकं. "चाकं म्हणजे शाळा, भाऊ. कॉलेज बर्फावर," असं ते म्हणत. भोपाळच्या निवडचाचणीत जी पोरगी पहिली येईल, ती डेहराडूनला खऱ्या बर्फावर शिकायला जाणार होती.

त्या दिवाळीत दिपालीला तेरावं लागलं आणि ती वाढू लागली. पोरी वाढतातच. तिच्या आईनं, सुचितानं, शाळेच्या ड्रेसची दुमड उसवून लांबी वाढवली आणि मनात सुखावली. फरशीवर मात्र तिची दोन गिरक्यांची उडी चुकू लागली. उतरताना पोरगी पडायची. कोपर फुटलं, गुडघे फुटले, एकदा हनुवटी फुटली. ती रडायची नाही. उठून सुरुवातीच्या जागी गपचूप जाऊन उभी राहायची. त्यापेक्षा रडली असती तर गुणवंताला बरं वाटलं असतं.

कुलदीप सरांनी त्याला बाजूला घेतलं. "अंग भरून राहिलं तिचं. याच वयात पोट्ट्या हातच्या जातेत. चाचणीपर्यंत थोपवावं लागन." त्यांनी खिशातून एक बिनालेबलची डबी काढली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या.

"कायच्या हायेत, सर?"

"हलकं राहाच्या. सगळीकडं देतेत, भाऊ. कोणी बोलत नाई, एवढंच."

गुणवंताला कळलं नाही असं नाही. त्यानं डबी खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

आता संत्रावाल्याचं डोकं कसं चालतं ते पाहा. आंबिया बहारासाठी ऐन थंडीत झाडांचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. तहानलेलं झाड वाढायचं थांबतं, पानं मलूल होतात, आणि मग पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. गुणवंताचा आजा हेच करत आला, बाप हेच करत आला. कुलदीप सरांनी पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती भर गुणवंतानं पदरची घातली. त्या पौषात त्यानं बागेचं पाणी तोडलं आणि पोरीचंही. सकाळी एक पेला, सांजेला एक, आणि पेल्यासोबत डबीतली एक गोळी.

"पोरगी हाय ते, झाड नाई," सुचिता म्हणाली.

"झाडाले तरी आपण दुश्मनीनं करतो का?"

हे उत्तर त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की पुढचा विचार करायचा राहून गेला.

उडी परत आली. आली ती पूर्वीपेक्षा उंच. दिपाली वर जायची, दोनदा फिरायची आणि रुईचा पुंजका पडावा तशी अलगद उतरायची. ओठ सुकून त्यांना चिरा पडल्या होत्या, पण ती खुशीत होती.

"बाबा, आज एकदाभी नाई पडली मी."

"शाब्बास."

"आता मी मोठी नाई होनार ना?"

"चाचणी होऊ दे. मंग हो मोठी."

"नाई," ती शांतपणे म्हणाली. "मंग भी नको."

संक्रांतीच्या सुमाराला तिचे बूट सैल झाले. गुणवंतानं आधी मोज्यावर मोजा चढवायला लावला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा कोपऱ्यातली रुई झटकून बुटांच्या टोकात कोंबली. पाय बारीक झाला असेल, असं तो म्हणाला. पाय बारीक होतो, आखूड होत नाही, हे सुचितानं त्याला सुनावलं. शाळेचा ड्रेस आता पोटऱ्यांच्या खाली लोंबत होता. तिनं उसवलेली दुमड पुन्हा घातली. काही दिवसांनी आणखी एक घातली. धुण्यानं कापड सुटतं, असं गुणवंता म्हणाला आणि जेवायला बसला. त्याला भीती वाटत होती का? वाटत असावी. पण पायाला मुंग्या आल्या की जसा तो आपला वाटत नाही, तशी ती भीती त्याला आपली वाटत नव्हती.

मग एका सकाळी दिपाली हसली. समोरचे वरचे दोन दात नव्हते. सुचितानं तिचं तोंड उघडून उजेडाकडे धरलं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. दात पडले नव्हते. ते अजून यायचे होते.

"डॉक्टरकडे नेऊ," सुचिता म्हणाली.

"अन् सांगाचं काय? चाचणी होऊन जाऊ दे."

भोपाळला दिपाली अशी नाचली, की संगीत थांबल्यावरही लोकांना टाळ्या वाजवायचं भान राहिलं नाही. ती पहिली आली. आणि तिथेच एक बाई गळ्यातलं ओळखपत्र सावरत पुढे आल्या. लघवीचा नमुना द्यावा लागणार होता, औषध घेतलंय का ते तपासायला. कुलदीप सर दूर जाऊन फोनवर बोलू लागले. फोन लागलेला नव्हता.

"बेटा, किस क्लास में हो?" बाईंनी विचारलं.

दिपालीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, मी कितवीत हाय?"

"आठवीत," गुणवंता म्हणाला. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि तिचा हात धरून तिला आत नेलं. आत जाताना तिला उंबरठा चढायला मदत करावी लागली.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत गुणवंता देवाजवळ काय मागत होता, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. तो पकडलं जावं म्हणून मागत होता. कोणीतरी वरून हात धरावा, बंदी घालावी, पेपरात नाव यावं, थू थू व्हावी. म्हणजे थांबता येईल. स्वतःहून थांबायचं बळ त्याच्यात नव्हतं.

निकाल आला. काहीच सापडलं नव्हतं.

"पाहा!" कुलदीप सर फोनवर हसत होते. "फालतू टेन्शन घेतलं तुमी. अन् भाऊ, पोरगी लहान दिसते ते चांगलंच हाय. डेहराडूनले लहान गटात उतरवू. तिथं कोणी तिच्यापुढं टिकनार नाई."

गुणवंतानं फोन ठेवला, डबी उघडली आणि गोळ्या शेणाच्या खड्ड्यात ओतल्या. मग त्यानं पोरीला पाणी दिलं. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देतात, दुसरं भरपूर. तसंच दिलं. दिपाली घटाघटा प्यायली. बाहेर बागही फुलली, घरभर वास आला.

ती वाढली नाही.

ती पाणी पीत होती, दूधभात खात होती आणि तिची सावली रोज भिंतीवर थोडी खाली सरकत होती. आधी पाढे गेले. मग शाळेतल्या मैत्रिणींची नावं गेली. मग सुचिता तिला कडेवर घेऊन स्वयंपाक करू लागली.

गावात त्यांनी सांगितलं, पोरगी डेहराडूनला गेली. लोकांनी पेढे मागितले. गुणवंतानं वाटले.

कुलदीप सर एकदा आले. सुचितानं दारातूनच दिपालीला दाखवलं. सर मोटारसायकलवरून उतरले नाहीत. फरशीवर आता स्नेहा नावाची पोरगी पहिल्या जागी उभी राहते. तिलाही यंदा तेरावं लागलं आहे.

दिपालीजवळ शेवटी एकच शब्द उरला. "बूट." ती पाय हवेत झाडायची आणि बूट मागायची. घरातला एकही बूट तिच्या पायात राहत नव्हता. दिले नाहीत तर रडून निळी पडायची. आता ती रडत होती.

सौसरला ओळखीचे फार. म्हणून गुणवंता पांढुर्ण्याला गेला. भर दुपारी बाजारात गर्दी नव्हती. दुकानदारानं माप विचारलं. गुणवंतानं अंगठ्याच्या पेरावर बोट ठेवून दाखवलं.

"मुलगी का? वा!" दुकानदारानं खोक्यातून लोकरीचे लाल बूट काढले, मग दुसरे, रबरी तळाचे. दोन्ही जोड त्यानं काचेवर ठेवले. "चालाले लागली का? त्यावर हाय. चालत असन तर हे तळवाले घ्या."

गुणवंतानं लोकरीचा जोड उचलला.

"कालपर्यंत चालत होती," तो म्हणाला.