विषम तारखांचं पाणी

ही घटना खरी आहे. शपथ घेत नाही, कारण या पानावर शपथेवर सांगितलेल्या गोष्टींत निम्म्या बायका उलट्या पायांच्या निघतात. काकांनी मला सांगितलं ते सांगतो, आणि शेवटचं थोडं मी स्वतः ऐकलं ते.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. महिन्याची दोन तारीख, दुपारचे सव्वादोन, डोळे दिपवणारं ऊन. जागा शहराबाहेरची, बंद पडलेली दगडखाण.

माझे काका पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. रस्त्यातल्या झाकणाखाली लांब लोखंडी चावी घालून अख्ख्या वस्तीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं वेळ चुकली नाही. असा माणूस पाठीवर दहा लिटरचा कॅन बांधून, लपतछपत, गांजाच्या झाडांना पाणी घालायला जातो असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच विचारलं असतं, तू काय ओढून आलास?

कारण काकू होती.

हाडांचा कॅन्सर. वजन अडतीस किलो. दुखण्यावरची गोळी पोटात जायची आणि दहा मिनिटांत बाहेर यायची. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता त्यांना आराम वाटेल असं बघा." आराम कुठल्या दुकानात मिळतो ते लिहून दिलं नाही.

काकूचा धाकटा भाऊ रंगारी. लग्न केलं नाही, चालू कामावरच राहायचा, तिथेच झोपायचा. त्याने कुठूनशी गांजाची एक पुडी आणली. त्यापासून केलेल्या तेलाचे चार थेंब काकूच्या जिभेवर ठेवले. त्या दुपारी काकू वाटीभर सूप प्यायली.

आणि दुसरी वाटी मागितली.

काका स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून बराच वेळ उभे राहिले.

पुडी संपली. देणारा पकडला गेला. दुसऱ्याने दिली तिला बुटाच्या पॉलिशचा वास.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आपणच लावू."

"काय लावू?"

"झाडं. पर्यावरणाचं काम आहे."

खाणीच्या वरच्या अंगाला, काटेरी झुडपांच्या मागे, हातरुमालाएवढी मातीची जागा होती. तिथे अकरा रोपं लागली. खाणीच्या पलीकडे एका शाळेच्या इमारतीला रंग द्यायचं काम मेहुण्याने मुद्दाम धरलं. तिथून तो जेवणाच्या सुट्टीत यायचा. काका अलीकडून, शहराच्या बाजूने.

नियम मेहुण्याने केले. दोघांनी कधीच एकत्र जायचं नाही. एका वाटेने दोनदा जायचं नाही, म्हणजे गवत आडवं पडून पायवाट होणार नाही. फोन बंद करून मागे ठेवायचा. फोनवर या विषयावर अवाक्षर नाही. सम तारखा काकांच्या, विषम तारखा मेहुण्याच्या.

"म्हणजे एकतीस आणि एक लागून आल्या की दोन्ही माझ्या बोकांडी," मेहुणा म्हणाला. "वरिष्ठांचा अन्याय आहे हा."

"नियम तुमचे, मेहुणे. मी पाळतोय फक्त."

रोपांपाशी एक फुटका निळा कॅन ठेवलेला. मेहुण्याने पाणी घातलं की तो कॅन पालथा करायचा, काकांनी घातलं की सरळ. एवढाच निरोप. काका त्याला हजेरीबुक म्हणायचे.

"आणि शेवटचा नियम," मेहुणा म्हणाला. "कसलाही आवाज आला की आडवं पडायचं. ओ द्यायची नाही. कुणी हाक मारली तरी नाही."

"तुमचा आवाज असला तरी?"

"माझा असला तर मुळीच नाही. मला धरलं तर ते पहिलं काय करतील? दोन लगावतील आणि तुम्हाला हाक मारायला लावतील. मी मारेन हो, मी काही शूर नाही. तुम्ही फक्त ओ देऊ नका. दोघं आत गेलो तर ताईकडे कोण बघणार?"

तर, दोन तारीख.

काका पोचले. कॅन पालथा होता. म्हणजे मेहुणा काल येऊन गेलेला. माती मात्र कोरडी. ऊनच तसं आहे, काकांना वाटलं. त्यांनी पाणी घातलं, थोडं उरलेला कॅन पुन्हा पाठीला बांधला, निळा कॅन सरळ केला, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं…

किडे ओरडायचे थांबले होते.

ठक्…

ठक्… ठक्…

पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज. खाणीत आवाज घुमतो. कुठून येतो ते कळेना.

काका आडवे पडले. गाल मातीवर.

ठक्… ठक्…

आणि मग हाक आली.

"भाऊजी…"

मेहुण्याचा आवाज. चिरका. फाटलेला.

"भाऊजी… ओ भाऊजी…"

धरलं त्याला. मारतायत. हाक मारायला लावतायत. नेमकं तसंच.

काकांनी मूठभर माती उचलून स्वतःच्या तोंडात कोंबली. ओ निघू नये म्हणून.

अर्धा तास हाका येत होत्या. मग थांबल्या. काका सरपटत उतारावरून खाली आले आणि घरी येऊन दाराकडे बघत बसले. आता येतील… मग येतील…

कुणी आलं नाही.

मेहुण्याचा फोन बंद. तो तर बंदच असायचा, नियमच होता.

तीन तारीख गेली. चारला काकू सकाळपासून कण्हत होती. उशीचा कोपरा दातात धरून, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. तो न येणारा आवाज काकांना ऐकवेना. ते खाणीवर गेले, धरतील तर धरतील म्हणून.

कॅन पालथा होता.

माती ओली होती.

काका तिथेच बसले आणि वेड्यासारखे हसले. मेहुणा सुटला होता. किंवा धरलंच नव्हतं, चेष्टा होती. मेहुण्यांची जातच ती. भेटला की कान उपटायचे ठरवून काकांनी कॅन सरळ केला.

सहा तारखेला कॅन पालथा. माती ओली. आठला तसंच. दहाला रोपांचे शेंडे दोऱ्याने खाली वाकवून बांधलेले, लांबून दिसू नयेत म्हणून. मेहुणाच तसे बांधायचा. दोऱ्याला टर्पेंटाइनचा वास. बाराला काकांच्या लक्षात आलं की ओल्या मातीत पावलं नाहीत.

चौदाला ते नीट वाकून बघत होते. ठसे होते, पण फक्त त्यांचे स्वतःचे. चौदा तारखेचे.

नियम फारच काटेकोर पाळतोय, काकांनी स्वतःला समजावलं. दुसरं काही समजावून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

अठरा तारखेला मेहुण्याचा ठेकेदार दारात आला. हातात एक वळकटी आणि ब्रशांची पिशवी.

"तुमचा मेहुणा कुठे आहे हो?"

"का? तुमच्याकडेच तर…"

"माझ्याकडे? एक तारखेला जेवणाच्या सुट्टीत डबा उचलून गेला. आलोच, म्हणाला. तो आजतागायत येतोय." ठेकेदाराने पिशवी टेकवली. "दुसरीकडे काम धरलं असेल तर सांगायचं तरी. रंगारी लोक असेच. ब्रश बघा, धुतलेसुद्धा नाहीत. लाकूड झालंय त्यांचं."

"एक तारखेपासून?"

"एकपासून."

ठेकेदार गेला. आतून काकूने विचारलं, "कोण होतं?"

"पाण्याची तक्रार," काका म्हणाले.

मेहुणा यायचा त्या पलीकडच्या बाजूला खाणीचा एक खोल खड्डा आहे. कड ठिसूळ. काका तिकडे कधी गेले नव्हते, ती त्यांची वाट नव्हती. त्या दिवशी गेले.

मेहुणा तळाशी होता.

एक पाय माणसाचा पाय वळत नाही तिकडे वळलेला. शेजारी वीस लिटरचा रंगाचा पत्र्याचा डबा, पाणी आणायचा. एका बाजूने तो ठोकून ठोकून चेपलेला. उजव्या हातात दगड.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पडल्यावर दोनेक दिवस जिवंत असावा. तहानेने गेला.

काका खड्ड्याच्या कडेला बसले. दोन तारखेला दिसलेला पालथा कॅन एकतीसचा होता. दोन तारखेला ते इथून ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तोंडात माती कोंबून पडले होते. पाठीला पाण्याचा कॅन बांधून.

मग त्यांनी हिशोब केला. काका तसे सरळ मनाचे, पण अडतीस किलोचं माणूस घरात उशी चावत असलं की डोकं वेगळंच चालतं. कळवलं, तर पोलीस खाण पालथी घालणार. झाडं उपटणार. आणि झाडं तयार व्हायला अजून बारा दिवस होते.

काका खड्ड्यात उतरले. स्वतःच्या अंगातला शर्ट काढून मेहुण्याच्या तोंडावर घातला.

"मेहुणे," ते म्हणाले, "बारा दिवस द्या. ताईसाठी."

कुणी ओ दिली नाही.

काका वर आले. रोपांपाशी गेले. माती ओली होती. कॅन पालथा होता. सतरा तारखेची पाळी झालेली होती.

काका मला म्हणाले, "पळून जायला हवं होतं ना? पळालो नाही. कॅन सरळ केला."

वीसला गेले. कॅन पालथा. बावीसला गेले. चोवीसला गेले. भीती कधीच मागे पडली होती, आता फक्त लाज होती. प्रत्येक विषम तारखेला कुणीतरी पाणी घालत होतं, ज्याला कुणी पाणी दिलं नव्हतं. अठ्ठावीसला अकरा झाडांच्या बुडाशी पाणी साचून उभं होतं.

तीस तारखेला काकांनी झाडं कापली. ती घरी ठेवून ते पोलिसांत गेले, मेहुण्याला शोधत होतो, सापडला म्हणाले. कुणी काही विचारलं नाही. पाय घसरून मृत्यू. शर्ट कुणाचा, एवढं विचारलं. "त्याचाच," काका म्हणाले.

काकूला भाऊ गेल्याचं सांगितलं. कधी, कसा, ते सांगितलं नाही. ती रडलीसुद्धा नाही, रडायला अंगात जोर लागतो. काकांनी तिच्या जिभेवर चार थेंब ठेवले.

ती सूप प्यायली. चार तास झोपली. आठवड्यात तिचा चेहरा सैल झाला. माझी काकू मला परत दिसली, थट्टा करणारी. "पुतण्या, लग्न कर आता, मी एक दिवस बरी आहे तर वरातीत नाचेन," म्हणाली.

मग एका दुपारी काका तिचे पाय चेपत बसले होते. काकूने डोळे उघडले.

"अहो."

"काय गं?"

"तो आलाय."

"कोण?"

"रोज येतो. सव्वादोनला. डबा वाजवतो." ती अगदी शांतपणे म्हणाली. "तुम्हाला हाक मारतो… तुम्ही ओ का देत नाही हो?"

काकांनी घड्याळ बघितलं नाही. गरज नव्हती.

ठक्…

ठक्… ठक्…

"माझ्या भावाला ओ द्या ना," काकू म्हणाली. "एवढ्या लांबून येतो तो."

काका उठले. दाराच्या दिशेने तोंड केलं. तोंड उघडलं… आणि त्यांच्या जिभेवर मातीची चव आली.

आवाज फुटला नाही.

काकू दोन महिन्यांनी गेली. झोपेत, काही न दुखता. काका तेवढंच धरून बसलेत.

आता ते एकटे राहतात. मी अधूनमधून जातो. त्यांच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, रिकाम्या. नुसती माती. शेजारी तो फुटका निळा कॅन, खाणीवरून त्यांनी का आणला ते मी विचारलं नाही. मागे एकदा बोट लावून बघितलं होतं. माती ओली होती. म्हटलं, म्हातारा माणूस, सवयीने घालत असेल पाणी.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा काका आंघोळीला गेले होते. मी पेपर चाळत बसलो होतो. दुपार होती. पंखा चालू, खाली रस्त्यावर रिक्षांचे आवाज…

मग ते आवाज ऐकू येईनासे झाले.

ठक्…

गॅलरीतून. चौथ्या मजल्यावरच्या.

ठक्… ठक्…

"भाऊजी…"

न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं, काका तोंडाला साबण तसाच घेऊन, टॉवेल धरून बाहेर आले आणि सगळा जीव एकवटून ओरडले,

"ओ! ओ, मेहुणे! आलो!"

शांत.

खाली रिक्षा वाजायला लागल्या.

काकांनी तोंडावरचा साबण पुसला. "ओ द्यायला लागलोय आता," ते म्हणाले. "दिली की थांबतो. उद्यापर्यंत."

"आणि नाही दिली तर?"

काका खुर्चीत बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मला नाही झेपत रे रोज," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, हृदय दमलंय. मी गेलो तर त्याला ओ कोण देणार? परत तसाच हाका मारत बसेल तो… तहानलेला."

मी पंखा मोठा केला.

"सम तारखा मी करतो कशाबशा," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, पाण्याची पाळी ठरवताना ते वस्तीकडे बघत असतील तसं.

"विषम तू घेशील?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चप्पल घातली आणि निघालो. निघताना गॅलरीत नजर गेली. कॅन पालथा होता.

आज तेवीस तारीख आहे. दोन वाजून दहा मिनिटं झालीत. मी माझ्या घरी आहे, काकांच्या घरापासून दहा किलोमीटर लांब.

खिडकीबाहेरचे पक्षी आत्ताच गप्प झाले.