धरून ठेवलेली फाइल

हसू नका रे. यंत्राला कसलं आलंय भूत, असं माझा मेहुणाही म्हणायचा. एका इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायचा तो. हुशार, पण पक्का अंगचोर.

गेल्या वर्षीची मंगळवारची रात्र. साडेअकराला फोन आला, एक्स-रे उघडत नाहीत. काम नेहमीचंच. सगळ्या वॉर्डांतली मशीनं एकाच सर्व्हरची डिस्क वापरतात, ती अडकली की कुणीतरी जाऊन सोडवायची. हा निघाला, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी काकू, म्हणजे काकांची बायको, येऊन गेल्या होत्या. काका म्हणजे त्याचे साहेब, याला हाताला धरून काम शिकवणारे. मध्यंतरी बऱ्याच रुग्णांचे एक्स-रे अर्धवटच साठवले गेले, कायमचे गेले. ठपका काकांवर आला. नोकरी गेली, आणि त्या धसक्यानं माणूसही गेला. काकूंनी एवढंच विचारलं, "खरंच यांची चूक होती का रे?"

हा खाली मान घालून म्हणाला, "हो."

साफ खोटं! सर्व्हर गप्प बसला तर मशीननं वाट बघत थांबायचं, असं काकांनी लावून ठेवलं होतं. स्क्रीन गोठते म्हणून नर्सबाई कटकट करायच्या. तेव्हा यानं काकांना न विचारता सेटिंग बदललं: थोडं थांब, नाहीतर सोडून दे. मशीनं एक्स-रे अर्धा लिहूनच सोडून देत गेली. चौकशीत काकांनी एकदाच याच्याकडे पाहिलं. हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

तर त्या रात्री डिस्कवर एक लपलेली फाइल सापडली, तीच सगळं अडवून बसलेली. यानं पुसली. परत आली. पुन्हा पुसली... पुन्हा आली.

इथवर भुताटकी नाही हां. कर्नेल म्हणजे मशीनचा आतला कारभारी. कुणी उघडून धरलेली फाइल पुसायला गेलात, तर तो तिचं नाव बदलून लपवून ठेवतो, धरणारा सोडेपर्यंत. मग यानं शोधलं, धरलीय कुणी?

काकांच्या मशीननं.

ते तर अडगळीच्या खोलीत टाकलेलं! धावत गेला. फळीवरच होतं. वायर गुंडाळलेली. वर बोटभर धूळ. हात लावायची छाती झाली नाही.

परत आला. फाइल पुसली.

आली.

"काका... सेटिंग मी बदललं होतं."

पंख्यांची घरघर. यानं पुन्हा पुसून पाहिली.

"काका, चुकलो हो..."

फाइल तिथंच...

मेलेल्या माणसापुढे, बंद दाराआड कबुली द्यायला काय जातंय? हे त्याचं त्यालाच उमगलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. उजाडताच काकूंच्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं. मग त्यांना घेऊन इस्पितळात गेला आणि मोठ्या डॉक्टरांपुढे, सगळ्या स्टाफसमोर तेच पुन्हा सांगितलं. काकू रडल्या नाहीत. "हे ते असताना बोलला असतास, तर..." एवढंच म्हणाल्या. अजून हे सांगताना तो मान वर करत नाही.

त्यानं सर्व्हरपाशी येऊन पाहिलं, तर डिस्क मोकळी. फाइल गेलेली.

मग तो अडगळीच्या खोलीत गेला. वायर तशीच गुंडाळलेली. धूळही तशीच, बोटाचा ठसा नाही. या खेपेला त्यानं मशीनवर हात ठेवला...

गरम होतं.